दिव्यांग मुलांना वर्गातली मदत पहिलीपासून हवी, प्रमाणपत्रापासून नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला, की दिव्यांग विद्यार्थ्यांच्या यशाच्या बातम्या आपल्या दैनिकात आवर्जून छापल्या जातात आणि त्या वाचताना, मुंबईतील एका मराठी शाळेत वर्षानुवर्षे पहिली ते चौथीच्या वर्गांना शिकवलेल्या माझ्यासारख्या शिक्षिकेला मनापासून आनंद होतो. लेखनिक, वाढीव वेळ, भाषा विषयांतील सूट अशा सवलतींची माहितीही त्या निमित्ताने पालकांपर्यंत पोहोचते, हे चांगलेच आहे. परंतु ज्या वयात मूल अक्षरे ओळखायला, बाईंचे बोलणे ऐकून समजून घ्यायला आणि चार मुलांत बसायला शिकते, त्या पहिली-दुसरीच्या वयात या मुलांना वर्गात नेमकी कोणती मदत मिळते, याविषयी फार कमी लिहिले जाते. येत्या जूनमध्ये नवे शैक्षणिक वर्ष सुरू होत असताना मला एकच गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. दिव्यांग मुलाला वर्गातली मदत ते शाळेत आल्या दिवसापासून मिळाली पाहिजे आणि त्यासाठी दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची वाट पाहण्याचे काहीही कारण नाही.

‘आधी सर्टिफिकेट आणा, मग बघू,’ हे उत्तर अनेक पालकांच्या परिचयाचे आहे. ते देणाऱ्या मुख्याध्यापकांच्या मनात वाईट हेतू असतो, असे मी म्हणणार नाही. हातात कागद नसताना काही केले तर उद्या वरून विचारणा होईल, ही भीती त्यामागे असते. पण ही भीती कायद्याला धरून नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू आहे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, ते या कायद्याने २१ केले आणि त्यांत अध्ययन अक्षमता (म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात सतत येणारी अडचण), स्वमग्नता, वाचा व भाषा दोष यांचा समावेश झाला. या कायद्याचे कलम १६ शासनाच्या निधीवर चालणाऱ्या आणि शासनमान्य अशा सर्वच शाळांना लागू होते. भेदभाव न करता प्रवेश देणे, इमारत आणि सोयी वापरण्याजोग्या करणे, प्रत्येक मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करून देणे आणि अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून योग्य अध्यापन पद्धती वापरणे, ही सारी कर्तव्ये त्यात सांगितली आहेत. ४० टक्के दिव्यांगत्वाची अट येते ती कलम ३१ मधील ६ ते १८ वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाच्या हक्कासाठी, शिष्यवृत्तीसाठी आणि आरक्षणासाठी. वर्गातल्या सोयीसाठी कलम १६ ने अशी कोणतीही रेषा आखलेली नाही. फळा दिसत नाही असे सांगणाऱ्या मुलाला पुढच्या बाकावर बसवताना कोणतीही शिक्षिका डॉक्टरांची चिठ्ठी मागत नाही. मग ऐकू न येणाऱ्या, हात थरथरणाऱ्या किंवा अक्षरे लागत नसलेल्या मुलाच्या बाबतीतच ती का मागावी?

या प्रश्नाची धार सर्वांत जास्त जाणवते ती अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत. केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाची आठ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय देता येत नाही. यामागचे वैद्यकीय कारण योग्यच आहे, कारण त्याआधी मुलांच्या शिकण्याच्या गतीत स्वाभाविक फरक असतात आणि घाईने शिक्का मारणे मुलावर अन्याय करणारे ठरेल. परंतु याचा व्यावहारिक अर्थ असा होतो, की सहाव्या वर्षी पहिलीत आलेले मूल तिसरीत जाईपर्यंत त्याच्याकडे कागद असूच शकत नाही. तोवर ‘आळशी’, ‘लक्षच देत नाही’, ‘घरी अभ्यास घेत नाहीत’ हे शब्द त्याच्या कानावर पडत राहतात आणि कागद मिळेपर्यंत मुलाने स्वतःविषयीचा निकाल लावून टाकलेला असतो. त्यानंतर वाचन शिकवण्याआधी त्याची भीती घालवावी लागते आणि ते काम कितीतरी अवघड असते.

मराठी माध्यमाच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. वाचनातील अडचणींविषयीचे बरेचसे लेखन आणि प्रशिक्षण इंग्रजी वाचनाला समोर ठेवून झालेले आहे. ‘बी’ आणि ‘डी’ उलटे लिहिणारे मूल म्हणजे डिस्लेक्सिया, एवढेच अनेक शिक्षकांना ठाऊक असते. देवनागरीत मूल अडखळते ते वेगळ्या जागी. ‘किरण’ लिहिताना पहिली वेलांटी आधी काढायची आणि उच्चार मात्र ‘क’ च्या नंतर करायचा. ‘सूर्य’ मधला ‘र’ ऐकू येतो ‘य’ च्या आधी, पण लिहायचा ‘य’ च्या डोक्यावर; ‘प्रकाश’ मध्ये तोच ‘र’ अक्षराच्या पायाशी तिरकी रेघ होऊन बसतो आणि ‘राष्ट्र’ मध्ये त्याचे रूप पुन्हा बदलते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘प’ आणि ‘ष’, ‘थ’ आणि ‘य’ या जोड्यांत तर शिरोरेषेच्या एका तुटक्या तुकड्याचा किंवा एखाद्या रेघेचा फरक असतो. जे मूल बाराखडी तोंडपाठ धडाधडा म्हणते, पण समोर ‘मि’ आणि ‘मी’ ठेवल्यावर गोंधळते, किंवा जोडाक्षर आले की शब्दच गाळून पुढे जाते, त्याच्याकडे शिक्षिकेने पहिल्या सत्रातच नीट पाहायला हवे.

आणि पाहिल्यानंतर जे करायचे, ते कुठल्याही वर्गात करता येण्याजोगे आहे. सारखी दिसणारी अक्षरे एकाच आठवड्यात न शिकवता त्यांत अंतर ठेवावे. अक्षर ताटातल्या रव्यात किंवा बारीक वाळूत बोटाने गिरवून घ्यावे, म्हणजे डोळ्याबरोबर हातालाही ते कळते. शब्द वाचण्याआधी टाळ्या वाजवून त्याचे तुकडे पाडायला शिकवावे. वाचताना एका वेळी एकच ओळ दिसेल अशी पुठ्ठ्याची खिडकी मुलाच्या हाती द्यावी. तयारी नसताना त्याला सर्वांसमोर उभे करून धडा वाचायला लावू नये. फळ्यावरचे सगळे उतरवून घेण्यातच त्याचा तास संपत असेल, तर निम्मा मजकूर छापील द्यावा आणि उरलेल्या वेळात त्याने विचार करावा. परिसर अभ्यासाचे उत्तर तोंडी बरोबर आले, तर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसाठी त्या विषयाचे गुण कापू नयेत. यांपैकी कशालाही शासननिर्णय लागत नाही. शिवाय या पद्धतींनी वर्गातल्या इतर मुलांचेही वाचन सुधारते, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. चाचणीच्या बाजूनेही आता मराठी अगदीच उघडी पडलेली नाही. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी विकसित केलेल्या ‘डाली’ या चाचणीसंचात मराठीचा समावेश आहे आणि एनसीईआरटीने २०२२ मध्ये शिक्षकांसाठी ‘प्रशस्त’ ही प्राथमिक तपासणीची सूची मोबाइल अॅपच्या रूपात उपलब्ध करून दिली आहे. अशी सूची निदान करत नाही, ती फक्त या मुलाकडे अधिक लक्ष द्या असे सांगते. पहिलीच्या शिक्षिकेला नेमके तेवढेच हवे असते.

कर्णबधिर मुलांविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण त्यांच्याविषयीचा गैरसमज मोठा आहे. श्रवणयंत्र लावले किंवा कॉक्लिअर इम्प्लांटची (कानाच्या आत ऐकण्याचे यंत्र बसवण्याची) शस्त्रक्रिया झाली, म्हणजे मूल आता आपल्यासारखेच ऐकते, असे शाळेत गृहीत धरले जाते. श्रवणयंत्र आवाज मोठा करते, पण तो बाईंचा, पंख्याचा, रस्त्यावरच्या हॉर्नचा आणि शेजारच्या वर्गातल्या पाढ्यांचा असा सगळाच मोठा होतो. मुंबईतील कितीतरी शाळा हमरस्त्याला किंवा रेल्वेमार्गाला लागून आहेत. अशा वर्गात हे मूल खिडकीपासून आणि दारापासून दूर, शिक्षिकेचा चेहरा स्पष्ट दिसेल अशा जागी बसले पाहिजे. फळ्याकडे तोंड करून बोलण्याची आपली सर्वांची सवय त्याच्यासाठी फार नुकसानकारक असते, कारण त्या क्षणी त्याला ओठही दिसत नाहीत. मागच्या बाकावरील मुलाने दिलेले उत्तर शिक्षिकेने पुन्हा उच्चारले, तर चर्चेचा धागा त्याच्या हातून सुटत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे यंत्र चालू आहे की नाही याची रोज सकाळी खात्री करणे. त्यासाठी श्रवणतज्ज्ञ ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’, ‘श’, ‘स’, ‘म’ या सहा ध्वनींची साधी तपासणी वापरतात. शिक्षिकेने तोंडासमोर कागद धरून एकेक ध्वनी उच्चारावा आणि मुलाने तो परत म्हणावा किंवा हात वर करावा. याला एक मिनिटही लागत नाही. बॅटरी संपलेले यंत्र कानाला लावून मूल दिवसभर गप्प बसून राहते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, असे होऊ नये म्हणून हे एक मिनिट फार मोलाचे आहे. वांद्रे रेक्लमेशन येथे कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आपल्या शहरातच आहे. तेथील तज्ज्ञांकडून प्राथमिक शिक्षकांना एवढे शिकवून घेणे महापालिकेच्या शिक्षण विभागाला अवघड जाऊ नये.

अल्पदृष्टी असलेल्या मुलाच्या बाबतीत चकाकणारा फळा, डोळ्यांवर येणारा खिडकीचा उजेड आणि वहीतल्या फिकट रेघा या तीन गोष्टी बदलल्या तरी पुष्कळ फरक पडतो. शिक्षिकेने फळ्यावर लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने उच्चारावा, एवढी सवय मात्र लावून घ्यावी लागते. मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) असलेल्या मुलाचे पाय बाकावरून लोंबकळत राहिले, तर त्याची सारी शक्ती तोल सांभाळण्यातच खर्च होते आणि लिहिणाऱ्या हातावर ताबा राहत नाही. पायांखाली योग्य उंचीचा लाकडी पाट ठेवला, पाठीला आधार दिला आणि जाड पेन्सिल हाती दिली, तर त्याचे अक्षर त्याच दिवशी बदललेले दिसते. स्वमग्न मुलाला दिवसाचे वेळापत्रक चित्रांतून दाखवून ठेवावे, तासिका बदलणार असेल तर आधी सांगावे आणि प्रार्थनेच्या वेळचा ध्वनिक्षेपक सहन होत नसेल तर त्याला वर्गात बसू द्यावे. सतत हालचाल करणाऱ्या, लक्ष न टिकणाऱ्या मुलांचा विकार तर कायद्याच्या २१ प्रकारांत स्वतंत्रपणे आलेलाच नाही. प्रमाणपत्राची अट घातली, तर या मुलांना कधीच काही मिळणार नाही.

मुंबईतील शाळांच्या इमारती हा स्वतंत्र विषय आहे. दक्षिण व मध्य मुंबईतील जुन्या शाळा तीन-चार मजल्यांच्या आहेत आणि उद्वाहन बसवणे सर्वत्र शक्य नाही, हे मान्य. परंतु ज्या तुकडीत चालता न येणारे मूल आहे, ती तुकडी तळमजल्यावर आणण्यासाठी फक्त जूनमध्ये वर्गखोल्यांचा तक्ता नव्याने मांडावा लागतो. आजही अनेक माता पावसाळ्यात निसरड्या जिन्यावरून सात-आठ वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर चढतात आणि मुलाला शौचाला न्यावे लागेल म्हणून शाळा सुटेपर्यंत आवारातच बसून राहतात. त्या काळात त्यांचा रोजगार बुडतो. उतार बांधताना तो एक फूट उंचीला किमान बारा फूट लांबीचा असावा, हा नियम आहे. घाईघाईने केलेला खडा सिमेंटचा उतार चाकाच्या खुर्चीसाठी पायरीपेक्षा धोकादायक असतो.

आता शिक्षकांची बाजू. चाळीस-पंचेचाळीस मुलांच्या वर्गात एकेका मुलाकडे कसे बघायचे, हा त्यांचा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून मी पुढे जाऊ इच्छित नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवले. त्यातच सर्वेक्षणे, ऑनलाइन नोंदी आणि निवडणुकीची कामे यांत शिक्षकांचे अध्यापनाचे तास जातात. म्हणूनच वर्गशिक्षिकेच्या जोडीला विशेष शिक्षक हवा. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये या विषयावर निकाल दिला; त्यानंतर केंद्राने सर्वसाधारण शाळांतील विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण निश्चित केले आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना मंजूर पदे जाहीर करून भरती करण्यास पुन्हा बजावले. पूर्वापार पद्धत फिरत्या विशेष शिक्षकांची आहे. अनेक शाळा वाट्याला आलेला, वर्षानुवर्षे कंत्राटावर काम केलेला हा शिक्षक मनापासून झटला तरी एका मुलाला महिन्यात कितीसा भेटणार? मुंबईत यावर एक सोपा मार्ग उपलब्ध आहे. महापालिकेच्या अनेक इमारतींत मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा एकाच छताखाली भरतात. अशा प्रत्येक इमारतीला एक कायमचा विशेष शिक्षक आणि एक संसाधन कक्ष मिळाला, तर सर्व माध्यमांच्या मुलांना तो रोज उपलब्ध राहील आणि वर्गशिक्षिकेलाही मधल्या सुट्टीत जाऊन ‘या मुलासाठी उद्या काय करू?’ असे विचारता येईल. माझ्या मते हे मधल्या सुट्टीतले बोलणे एखाद्या मोठ्या प्रशिक्षण शिबिरापेक्षा जास्त उपयोगी पडते.

हे लिहिताना विशेष शाळांचे महत्त्व कमी करण्याचा माझा हेतू नाही. १९०० मध्ये सुरू झालेली दादरची कमला मेहता अंध मुलींची शाळा असो किंवा १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांसाठी याच शहरात सुरू केलेले काम असो, मुंबईने या क्षेत्रात देशाला वाट दाखवली आहे. कायद्यानेही शेजारची शाळा की विशेष शाळा ही निवड कुटुंबावर सोपवली आहे. परंतु शेजारच्या शाळेत मदतच नाही म्हणून लांबच्या शाळेत जावे लागत असेल, तर त्याला निवड म्हणता येणार नाही.

विलंब आता अधिक महाग पडणार आहे, हेही लक्षात घ्यावे. २०१९ मध्ये शिक्षण हक्क कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर राज्यात पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षा परत आल्या आहेत. पहिली ते चौथी कोणतीही मदत न मिळालेले मूल पाचवीत थेट या परीक्षेला सामोरे जाईल आणि अनुत्तीर्ण ठरल्यास त्याचा दोष त्याच्या माथी येईल. म्हणून महापालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी आणि शिक्षण उपसंचालकांनी जूनच्या पहिल्या आठवड्यातच सर्व शाळांना लेखी कळवावे, की वर्गातील सोयींसाठी प्रमाणपत्र मागू नये आणि अशी मदत दिल्याबद्दल कोणत्याही मुख्याध्यापकाला जाब विचारला जाणार नाही. एवढ्या एका परिपत्रकाने मुख्याध्यापकांची भीती दूर होईल.

पालकांनीही प्रमाणपत्राचे काम सोडू नये, कारण शिष्यवृत्ती, प्रवासातील सवलत आणि पुढे परीक्षेतील सवलती यांसाठी ते लागणारच आहे. मात्र रुग्णालयातील तारखा मिळेपर्यंत थांबून राहू नये. शाळा सुरू होताच मुख्याध्यापकांच्या नावे साधा मराठीत अर्ज लिहावा. मुलाला काय जमते, कुठे अडते आणि वर्गात कोणत्या दोन-तीन गोष्टी केल्या तर त्याला मदत होईल, हे आपल्या शब्दांत सांगावे. कलम १६ चा उल्लेख करावा आणि अर्जाच्या प्रतीवर शाळेची तारखेसह पोच घ्यावी. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यामागे दरवर्षी ३,५०० रुपयांपर्यंतची आणि मुलींसाठी दरमहा २०० रुपयांप्रमाणे दहा महिन्यांच्या विद्यावेतनाची तरतूद आहे, तिचीही चौकशी त्याच वेळी करावी. शाळा व्यवस्थापन समितीच्या पहिल्या बैठकीत हा विषय घ्यायला लावावा. तरीही दाद लागली नाही, तर पुण्यातील राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते आणि त्या वेळी हीच पोच उपयोगी पडते.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, परळ, मुंबई